वर्डल: चार घरं हिरवी, तरी अडलंय

बी-४०२: वर्डलमध्ये रोज पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा संधींत ओळखायचा असतो; हिरवं म्हणजे अक्षर बरोबर जागी, पिवळं म्हणजे शब्दात आहे पण जागा चुकली, करडं म्हणजे नाही. आज पहिला शब्द ए-डी-आय-ई-यू टाकला. आय पिवळा, बाकी सगळं करडं. दुसरा एस-आय-जी-एच-टी, त्यात एस गेला आणि उरलेली चार घरं हिरवी. आता फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, टाइट असे सहा उरलेत आणि संधी चारच. आधी कुठला टाकू? आजचा शब्द सोडवला असेल तर सांगू नका, फक्त रस्ता सांगा.

ए-१०३: सध्या एकही नको. एकेक टाकत बसलात तर चारच तपासून होतील, दोन राहतील. तिसरा शब्द एफ-ओ-आर-यू-एम टाका. ते उत्तर नाही हे माहीतच आहे, तरी टाका. एफ हिरवा आला तर फाइट, आर पिवळा तर राइट, एम पिवळा तर माइट. तिन्ही करडे आले तर लाइट, नाइट, टाइट उरतात आणि संधीही तीनच उरतात. हुकायचा प्रश्नच नाही.

सी-२०१: काका, हार्ड मोड चालू असेल तर फोरम घेणारच नाही. हिरवं अक्षर त्याच जागी ठेवावं लागतं, पिवळं शब्दात कुठेतरी यावंच लागतं.

ए-१०३: हो, तिथे मात्र दुसऱ्या शब्दालाच सावध राहायचं. आय पिवळा दिसल्यावर एफ-आय-आर-एस-टी टाकला असता तर एफ, आर, एस एका फटक्यात तपासून झाले असते. आय-जी-एच-टी, ए-टी-सी-एच, ओ-यू-एन-डी या शेपट्या दिसल्या की थांबा, नुसतं पहिलं अक्षर बदलून ढीगभर शब्द होतात.

सी-२०१: ताई, खरी गोम पहिल्या शब्दात आहे. त्यात चार स्वर तपासले जातात, व्यंजन एकच, डी. स्वर कळून शब्द फारसे गळत नाहीत, व्यंजनांनी गळतात. एस-एल-ए-टी-ई ने सुरुवात केली असती तर एस आणि एलचा निकाल तिथेच लागला असता, वर टी पिवळा मिळाला असता. सी-आर-ए-एन-ई पण चांगला.

डी-३०१: एकच अक्षर दोनदा टाकलं आणि एक पिवळं, एक करडं आलं तर? ते अक्षर आहे की नाही?

ए-१०३: आहे, पण एकदाच. उत्तर ए-बी-आय-डी-ई असताना तुम्ही एस-पी-ई-ई-डी टाकलंत तर पहिला ई पिवळा, दुसरा करडा. करडा बघून ई काढून टाकला की पुढचं सगळं चुकतं.

सी-२०१: आणि शेवटी एस लावून केलेलं साधं अनेकवचन उत्तर म्हणून सहसा येत नाही. टाइप केलं तर खेळ घेतो, म्हणून तपासायला वापरा, उत्तर समजून टाकू नका.

डी-३०१: नवीन शब्द रात्री बाराला येतो ना?

सी-२०१: हो, ज्याच्या त्याच्या फोनच्या घड्याळानुसार. इथे फक्त रंगीत चौकोन टाका, अक्षरं नको. काही जण संध्याकाळी खेळतात.

बी-४०२: फोरम टाकला! आर पिवळा!!

डी-३०१: अहो ताई 🤦 मी अजून खेळले नव्हते.