मदत हवी आहे: जर्मन 'श्पेरबेराइश'ला इंग्रजीत काय लिहू?

एका जर्मन रुग्णालयाच्या किरणोत्सार सुरक्षा सूचनांचं इंग्रजी भाषांतर करतेय. वाचणारे ब्रिटनमधले तंत्रज्ञ आहेत.

'कोंट्रोलबेराइश'ला 'कंट्रोल्ड एरिया' सरळ बसलं. अडलंय ते 'श्पेरबेराइश'पाशी. जर्मन नियमांत हा कंट्रोल्ड एरियातलाच भाग, जिथे किरणोत्साराच्या मात्रेचा दर ताशी 3 मिलिसीव्हर्टच्या (मात्रा मोजायचं एकक) वर जाऊ शकतो. 'रिस्ट्रिक्टेड एरिया' लिहावं, तर अमेरिकी नियमांत त्याचा अर्थ फारच व्यापक. 'एक्स्क्लूजन एरिया' म्हटलं की अणुभट्टीभोवतीचा परिसर डोळ्यांपुढे येतो.

दुसरी अडचण 'श्ट्रालेनशुट्सफेरआंटवोर्टलिशर'ची. कायद्याची जबाबदारी याच्यावर, आणि 'श्ट्रालेनशुट्सबेआउफट्राग्टर'ला (किरणोत्सार संरक्षण अधिकाऱ्याला) लेखी नेमतो तोही हाच. नेमलेल्याला युराटॉमच्या (युरोपीय अणुऊर्जा समुदायाच्या) 2013 च्या निर्देशाप्रमाणे 'रेडिएशन प्रोटेक्शन ऑफिसर' केलंय. पण नेमणाऱ्याला काही ठिकाणी 'सुपरवायझर' म्हटलेलं दिसतं. ब्रिटनमध्ये ते विभागातल्या देखरेखीचं पद आहे, त्यामुळे जबाबदारीच उलटी वाचली जाईल. हे मला अजिबात चालणार नाही.

मजकूर दारावरच्या पाट्यांवरही जाणार, म्हणून तळटीप नको, दोन-तीन शब्दच हवेत. या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगावं: ब्रिटिश वाचकाला चुकीचा अर्थ न देणारे कोणते शब्द या दोन्हींसाठी तुम्ही प्रत्यक्ष वापरले आहेत?