गोधडीचा वरचा थर जोडून झाला आहे; टाक्यांची नक्षी कशी ठरवावी?

सुरंगी (वेंगुर्ले)

नमस्कार. गोधडीचा वरचा थर जोडून पूर्ण झाला आहे. मध्ये सहा इंची चौकोन असून ते आडवे 8 आणि उभे 13 आहेत. एक चौकोन दोन इंची नऊ तुकड्यांचा, त्याच्या शेजारचा सलग मांजरपाटाचा, अशी आलटूनपालटून मांडणी केली आहे. चहूबाजूंनी सहा इंचांचा गडद निळा काठ आहे, त्यामुळे पूर्ण माप 60 × 90 इंच होते. जोडकाम मशीनवर केले, परंतु टाके हातानेच घालावयाचे आहेत. नऊ तुकड्यांचे चौकोन जुन्या साड्यांच्या फुलाफुलांच्या कापडाचे आहेत. आत काय घालावे, हे अजून ठरलेले नाही. घरी आजीची दोन जुनी लुगडी आहेत, आणि शेजारच्या काकू सावरीचा कापूस देऊ करीत आहेत. सर्वत्र एकच नक्षी घ्यावी की प्रत्येक भागाला वेगळी, आणि काठावर लाटांची नक्षी कोपऱ्यांत न तुटता कशी बसवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

बकुळ (दापोली)

सुरंगीताई, नक्षीच्या आधी आतल्या थराचा निर्णय घ्या, कारण दोन टाक्यांच्या ओळींमध्ये किती अंतर चालेल हे तोच ठरवतो. सावरीचा कापूस उशीसाठी उत्तम असतो, पण त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत असल्याने एकमेकांत अडकत नाहीत. गोधडीत तो सरकून एका बाजूला गोळा होईल. काकूंचा मान राखून त्याच्या उशा कराव्यात. लुगडे हे विणलेले कापड असल्याने ते धुतल्यावरही जागचे हलत नाही, म्हणून ओळी दोन-अडीच इंचांवर असल्या तरी चालतात आणि नक्षीला मोकळीक मिळते. शिवाय आपल्याकडे पावसाच्या चार महिन्यांत जाड भरणाची गोधडी वाळता वाळत नाही, हेही लक्षात घ्यावे. माझे मत लुगड्यांच्याच बाजूने आहे.

आता नक्षीबद्दल. फुलाफुलांच्या कापडावर टाका दिसत नाही, कितीही सुबक घातला तरी तो छापील नक्षीत हरवतो. म्हणून नऊ तुकड्यांच्या चौकोनांत श्रम ओतू नयेत. प्रत्येक तुकड्यात शिवणीपासून पाव इंच आत साधी चौकट घालावी. पाव इंच सांगण्याचे कारण असे की शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर आतल्या अंगाला सोडलेले कापड, साधारण तेवढीच असते, आणि मायेच्या थरांतून हाताची सुई नेणे फार जड जाते. चार शिवणी मिळतात त्या नाक्यांवरून तर ओळ नेऊच नये. खरी नक्षी मांजरपाटाच्या सलग चौकोनांत खुलेल, कारण तिथे टाक्याच्या दोन्ही बाजूंना पडणारी सावली दिसते. सगळे जोडकाम सरळ रेषांचे असल्यामुळे तिथे गोलाई घ्यावी. चार पाकळ्यांचे फूल किंवा एकमेकांवर रचलेले शिंपले, दोन्ही शोभतील. मात्र पाकळ्यांचे टोक शिवणीपासून अर्धा इंच तरी दूर ठेवावे.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: दाटपणा सर्वत्र सारखा असावा. टाके कापडाला आखडून घेतात. मधला भाग दाट आणि काठ विरळ राहिला, तर मधला भाग आक्रसतो आणि काठाला झालर येते.

काठाचे गणित सोपे आहे. कोपऱ्यांचे सहा इंची चौकोन वेगळे काढले की काठाच्या बाजू 48 आणि 78 इंच उरतात. लाटेचा एक चढ किंवा एक उतार सहा इंचांचा धरला, तर आखूड बाजूला 8 बसतात आणि लांब बाजूला 13. पण 13 ही विषम संख्या असल्याने लांब बाजूच्या एका टोकाला लाट वर आणि दुसऱ्या टोकाला खाली संपते, आणि कोपरे जुळत नाहीत. त्यासाठी लांब बाजूला साडेसहा इंचांचे 12 भाग करावेत. ते बरोबर 78 होतात आणि अर्ध्या इंचाचा फरक डोळ्यांना कळत नाही. कोपऱ्यात लाट वळवण्याऐवजी मांजरपाटातलेच फूल बसवावे.

खाडीकाठ (रत्नागिरी)

बकुळताईंचे काठाचे गणित मला पटले, परंतु चौकोनांगणिक वेगळ्या नक्षीबद्दल माझे मत निराळे आहे. आपल्या गोधडीची रीत कडेपासून आत फेऱ्याफेऱ्यांनी धावदोरा घालण्याची आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजातील स्त्रियाही आपली कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, कडेकडूनच मध्याकडे शिवत जातात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात. एक इंचाच्या अंतराने फेरे घेतले, तर या मापाला एकूण सुमारे 137 मीटर टाका भरतो. काम मोठे आहे, पण दाटपणा आपोआप सारखा राहतो आणि काही आखावे लागत नाही. लुगडी आत असतील तर ही रीत त्यांना साजेशी आहे.

सुरंगी (वेंगुर्ले)

दोघांचेही मनापासून आभार. आत लुगडीच घालण्याचे ठरवले. मांजरपाटावर फुले काढण्याची इच्छा आहे. नक्षी कशाने आखावी, आणि फेऱ्यांप्रमाणे फुलांचे कामही कडेकडून सुरू करावे का?

बकुळ (दापोली)

फुलांचे काम मध्यापासून बाहेर करावे, म्हणजे थरांतला झोळ कडेकडे निघून जातो. खाडीकाठ यांनी सांगितलेली कडेकडून आत येण्याची रीतही निर्दोष आहे, पण तिच्यात झोळ मध्यभागी अडकू नये म्हणून कच्चे टाके आधी फार जवळजवळ घालावे लागतात. तुम्हीही चार-चार बोटांवर कच्चे टाके घालाच, आणि अस्तर चारी बाजूंना तीन इंच मोठे ठेवा.

आखण्यासाठी निळ्या काठावर साबणाची सुकलेली चिपटी वापरा. मांजरपाटावर साबण दिसणार नाही. तिथे पुठ्ठ्याचा साचा ठेवून बोथट सुईने कडेने दाबून रेघ ओढली, की सुती कापडावर वळ उमटतो आणि तेवढा चौकोन शिवून होईपर्यंत टिकतो. पाण्याने जाणारी निळी शाई वापरणार असाल, तर ती धुऊन निघेपर्यंत इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो डाग पक्का होतो. आणि मांजरपाट जोडण्यापूर्वी धुतला होता का, हे कळवावे. कोरा असेल तर पहिल्या धुण्यात तो साड्यांच्या तुकड्यांपेक्षा जास्त आटेल, आणि मग फुलांच्या पाकळ्या शिवणीपासून अर्ध्याऐवजी पाऊण इंच दूर ठेवणे बरे.