मदत हवी आहे: सेकंडहँड बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा एक्स्ट्रॅक्टर बदललेला निघाला, वापरू की नको?

मिलवॉकीकर मन्या

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, भारतातल्या लायसन्सचा प्रश्न नाहीये हा. मी विस्कॉन्सिनला असतो, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय, सगळं रीतसर. ऑफिसातला एक जण दरवर्षी हरणाच्या सीझनला जातो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो, यंदा म्हणाला तू पण चल. बायको म्हणाली घरात बंदूक आली तर मी माहेरी, म्हणून आधी तिजोरी आणली आणि मग बंदूक.

तर एका रिटायर्ड गृहस्थांकडून जुनी रेमिंग्टन ७०० घेतली, थ्री-ओ-एट विंचेस्टर काडतुसाची. नळी छान, लाकूड छान. वर घरी भरलेली ४० काडतुसंही दिली त्यांनी, म्हणाले घेऊन जा, माझ्या आता काय कामाची.

शनिवारी रेंजवर गेलो. पहिल्या दोन गोळ्या ठीक. तिसरीनंतर बोल्टचं (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) हँडल वर उचलेना, तळहाताने दोनदा ठोकलं तेव्हा हललं. असं पाच-सहा वेळा झालं. शेजारच्या लेनमधले एक म्हातारबुवा बघत होते, ते आले, बोल्ट हातात घेऊन तोंडाशी बघितलं आणि म्हणाले, हा मूळचा एक्स्ट्रॅक्टर नाही, कोणीतरी बोल्टचं नाक कापून साको कंपनीच्या पद्धतीचा बसवलाय, काडतुसाची पुंगळी फुटली तर हा तुकडा सरळ तुझ्या डोळ्यात येईल. एवढं बोलून ते डोनट खायला गेले आणि मी तिथेच बोल्ट हातात धरून उभा.

घरी येऊन रात्रभर वाचत बसलो तर एक म्हणतो मॉझरच्या पंज्याशिवाय दुसरं काही सेफच नाही, दुसरा म्हणतो पुश फीडच सगळ्यात सेफ, तिसरा म्हणतो हजारो लोकांनी असं बदलून घेतलंय कोणाला काही झालं नाही. मला एवढंच कळायला हवंय की ही रायफल खांद्याला लावावी का नाही, आणि मुळात एक्स्ट्रॅक्टरचा आणि सेफ्टीचा संबंध काय, तो तर फक्त रिकामी पुंगळी बाहेर ओढतो ना?

टोळभैरव

हरणाला पण हाच प्रश्न पडला असेल, सेफ आहे का म्हणून.

लेथवाला

टोळभाऊ, चहा घ्या आणि बसा.

मन्या, तुझ्या शेवटच्या वाक्यातच गोची आहे. ओढण्याचं काम वेगळं आणि वायू अडवण्याचं वेगळं, आणि लोक नेटवर भांडतात ते हे दोन्ही एकत्र कालवून.

थ्री-ओ-एटचं कमाल प्रेशर ६२,००० पीएसआय धरलेलं असतं. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत १५ च्या आसपास असतं. एवढं प्रेशर कोण अडवतं तर पितळेची पुंगळी. ती फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. पण पुंगळीचा बुडाचा तीन-साडेतीन मिलिमीटरचा भाग चेंबरच्या बाहेर राहतो, तिथे तिला भिंतीचा आधार नाही. नेमका तिथेच एक्स्ट्रॅक्टर धरतो. म्हणजे एक्स्ट्रॅक्टरसाठी तू जेवढी जागा कोरशील तेवढी वायूला वाट.

रेमिंग्टनने ७०० आणली १९६२ साली, पण त्यातली आयडिया त्यांच्याच १९४८ च्या ७२१ आणि ७२२ या मॉडेलांमधलीच. बोल्टचं तोंड वाटीसारखं खोल, काडतुसाचं बूड त्या वाटीत बसतं, वाटीची कड नळीच्या खाचेत शिरते, आणि त्याच्या बाहेर रिसीव्हरचं, म्हणजे नळी आणि बोल्ट बसतात त्या सांगाड्याचं, कडं. याला ते पोलादाच्या तीन रिंगा म्हणायचे. आणि एक्स्ट्रॅक्टर? वाटीच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक बारीक सी आकाराची स्प्रिंग. दिसायला एकदम फालतू, नखाएवढी, पण तिच्यामुळे वाटीची कड कुठेच कापावी लागत नाही. मजबूत पकडीच्या हौसेपायी लोक ती काढतात आणि कड कापून मोठा एक्स्ट्रॅक्टर बसवतात. तीन रिंगांपैकी एका रिंगेला खिंड पडली. म्हातारबुवा म्हणतात ते हेच.

आता मला बोल्टच्या तोंडाचा फोटो टाक. एक गोष्ट बघायचीये, एक्स्ट्रॅक्टरला आडवी पिन आहे का.

गोटेबोर्गी

इथे स्वीडनमध्ये मी जुनी मॉझर एम-९६ वापरतो, ६.५ बाय ५५, त्यामुळे पंजाची, म्हणजे मॉझरच्या लांब मोठ्या एक्स्ट्रॅक्टरची, बाजू मी मांडतो.

मन्या, एक प्रयोग कर, पण डमी काडतुसांवर. पुश फीड रायफलीत, म्हणजे तुझ्यासारखीत, जिथे बोल्ट काडतूस न पकडता नुसतं ढकलतो, बोल्ट पुढे ढकल, काडतूस चेंबरात गेलं, पण हँडल खाली न पाडता बोल्ट मागे ओढ. काडतूस आतच राहिलं, कारण एक्स्ट्रॅक्टर त्याला पकडतो तो अगदी शेवटी. आता घाईत परत बोल्ट पुढे मारला तर मॅगझीनमधलं दुसरं काडतूस पहिल्याच्या बुडावर जाऊन आदळतं. टोकदार गोळी असेल तर ते टोक थेट पहिल्याच्या प्राइमरवर (बुडातली दारू पेटवणारी टिकली), आणि बोल्ट लॉक झालेला नाही. थंडीत, हातमोजे घालून, समोर जनावर असताना माणूस काहीही करतो हो.

मॉझरच्या पंजात काडतूस मॅगझीनमधून वर येतानाच बुडाच्या खाचेत पकडलं जातं, मधूनच मागे ओढलं तरी तेच परत येतं. विंचेस्टरने मॉडेल ७० मधून हा पंजा १९६४ साली काढला तेव्हा गिऱ्हाईक एवढं चिडलं की १९६४ च्या आधीची रायफल हा आजही सेकंडहँड बाजारातला भावाचा शब्द आहे. पुढे त्यांना पंजा परत आणावा लागला.

पंजाला एकच पथ्य, चेंबरात हाताने काडतूस टाकून बोल्ट आपटायचा नाही. तो बुडावरून उडी मारण्यासाठी बनवलेला नाही, वाकतो नाहीतर तुटतो. कायम मॅगझीनमधूनच भरायचं.

लेथवाला

मान्य, पण हे ओढण्याचं झालं. वायूचं काय? पंजासाठी खालची बाजू उघडी ठेवावी लागते, म्हणजे बूड पूर्ण वेढलेलं नसतं. पॉल मॉझरला हे माहीत होतं म्हणून ९८ मध्ये बोल्टला भोकं पाडली, वायू डाव्या खाचेत वळवला, मागच्या टोपीला रुंद कड दिली, आणि मागे तिसरा सेफ्टी लग, म्हणजे बोल्टला अडवून धरणारा जादा दात. तुमच्या ९६ मध्ये तो तिसरा लग पण नाही आणि ती रुंद कड पण नाही, तेव्हा फार ताणू नका. मॉझरने वायू अडवण्यापेक्षा त्याला बाहेर काढायची सोय केली. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणा हवं तर.

स्प्रिंगफिल्ड १९०३ ही जुनी अमेरिकन लष्करी रायफल पण पंजाचीच. तिच्या नळीच्या मागच्या तोंडाला फनेलसारखा उतार असल्याने पुंगळीचं बूड अजून उघडं. स्प्रिंगफिल्ड आर्मरीच्या ८,००,००० नंबराच्या आतल्या रिसीव्हरना उष्णता देण्यातच चूक झालेली, पोलाद ठिसूळ. पितळ फुटलं की रिसीव्हरचे काचेसारखे तुकडे. पंजा तिथे जागच्या जागी असूनही काही उपयोग नाही.

आर्मरर आबा

पोरांनो, मी तेवीस वर्षं आर्मरर होतो, म्हणजे फौजेतली हत्यारं दुरुस्त करणारा, बेळगावला ट्रेनिंग झालं. थ्री नॉट थ्रीचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बोल्ट हेडमध्ये बसवलेला एक छोटा आकडा, एक स्क्रू आणि एक स्प्रिंग. वीस वर्षांत मी असे आकडे किती बदलले त्याचा हिशोब नाही. बदलला की काम झालं, जवान परत लाइनीत. पण एका रायफलीचा बोल्ट दुसरीत घातलेला सापडला की उस्ताद कानफटात द्यायचे. बोल्टच्या दांडीवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळलाच पाहिजे. का? कारण बोल्ट आणि चेंबरमधलं अंतर, ज्याला तुम्ही हेडस्पेस म्हणता ते.

मन्या, तू एक्स्ट्रॅक्टरच्या मागे लागलायस पण तुझी तक्रार काय आहे ते परत वाच. हँडल उचलेना. हँडल उचलायला लागताना एक्स्ट्रॅक्टर काही ओढत नसतो, तो ओढायला लागतो हँडल जवळजवळ वर आल्यावर. हँडल अडकतं म्हणजे पुंगळी चेंबरात गच्च बसलीये, प्रेशर जास्त झालंय किंवा चेंबर घाण आहे. ती काडतुसं कोणी भरली, कधी भरली, किती दारू घातली, तुला माहितीये? अनोळखी माणसाचं भरलेलं काडतूस उडवायचं नाही, फुकट असलं तरी नाही, फुकट असलं तर मुळीच नाही. पाच-सहा वेळा ठोकून उघडलंस म्हणतोस, पहिल्याच वेळी थांबायला हवं होतं. रागावतोय असं समज.

रिकाम्या पुंगळ्या ठेवल्यास का? बुडाच्या वर साधारण पाव इंचावर चकचकीत रेघ दिसते का बघ. मग पेपरक्लिप सरळ कर, टोक थोडं वाकव, पुंगळीच्या तोंडातून आत घाल आणि आतली भिंत खालून वर खरवडत आण. टोक खाचेत अडकलं तर तिथे पितळ पातळ झालंय, पुढच्या वेळी तिथूनच बूड सुटेल.

मिलवॉकीकर मन्या

आबा, झोपलो नाही. बारा पुंगळ्या खिशात तशाच होत्या. सात जणींना रेघ आहे, उजेडात धरली की केसाएवढी दिसते. पेपरक्लिप चारमध्ये स्पष्ट अडकली, नखाला जाणवतं तसं. दोन प्राइमर साफ चपटे झालेत आणि एकाच्या कडेने काजळी आहे. फोटो टाकलेत.

लेथवाले दादा, तुम्ही म्हणता तशी आडवी पिन आहे.

लेथवाला

बघितलं. मग हा साको पद्धतीचा नाही, एम-१६ या अमेरिकन लष्करी रायफलीच्या पद्धतीचा आहे. साकोवाला तुकडा खाचेत सरकवलेला असतो आणि स्प्रिंगवरच्या दट्ट्याने धरलेला, पिन नाही, म्हणून वायू आला तर सुटून येण्याची भीती त्याच्यात जास्त. एम-१६वाला पिनवर झुलतो, पिन त्याला सोडत नाही. वाटीची कड मात्र दोन्हीत कापावीच लागते, तेव्हा वायूची खिंड तुझ्याकडेही आहेच. काम स्वच्छ केलंय ज्याने केलंय, कडा चिंबलेल्या नाहीत. मी असतो तर वापरली असती, पण फॅक्टरीच्या काडतुसांवर आणि हेडस्पेस तपासून.

गनस्मिथकडे जा. हेडस्पेस मोजायचे दोन ठोकळे असतात, गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर व्हायला नको. एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा दट्ट्या) काढून गेज लाव म्हणावं, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने हाताला चुकीचं कळतं. चांगला असेल तर तुला सांगावं लागणार नाही.

गोटेबोर्गी

आणि काडतूस आत अडकून एक्स्ट्रॅक्टर सुटलाच कधी, तर नळीतून रॉड घालून ढकलायचं ते फक्त रिकामी पुंगळी असेल तर. जिवंत काडतुसावर रॉड नाही. चाप ओढून गोळी सुटली नाही तर नळी सेफ दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांब, मग बोल्ट.

अनिवासी_अण्णा

जाता जाता, वाचणाऱ्यांपैकी कोणी एच-वनवर असेल तर मन्याचं बघून दुकानात जाऊ नका. त्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. आधी वकिलाला विचारा.

मिलवॉकीकर मन्या

अपडेट. गनस्मिथने गेज लावले, गोवर बंद, नो-गोवर नाही. म्हणजे रायफल ठीक, पुंगळ्याच खूप वेळा वापरलेल्या आणि दर वेळी साइझ करताना, म्हणजे परत मापात दाबताना, पुंगळीचा खांदा जास्त मागे दाबलेला, त्यामुळे उडताना बुडाजवळ ताणल्या गेलेल्या. उरलेली २८ काडतुसं त्याच्याकडेच दिली मोडायला. एकाची दारू त्याने काट्यावर टाकली, आकडा बघून शिट्टी वाजवली आणि मला सांगितलाच नाही.

मग फॅक्टरीची २० उडवली. हँडल दोन बोटांनी उचललं जातं. इजेक्टर पुंगळी अशी फेकतो की शेजारच्या लेनमध्ये जाते, म्हातारबुवा आज पण तिथेच होते, एक त्यांच्या डोनटच्या डब्यात पडली.

एक शेवटचं. मला मायनस चारचा नंबर आहे, रेंजवरचे गॉगल चष्म्यावर बसत नाहीत, नुसता चष्मा चालेल का?

आर्मरर आबा

नाही. झेड-८७ (डोळ्यांच्या संरक्षणाचं अमेरिकन मानक) शिक्का असलेला, बाजूने बंद, चष्म्यावरून घालायचा मिळतो, तो घे.

मिलवॉकीकर मन्या

ऑर्डर केला आबा. आणि ती पेपरक्लिप मुलीच्या शाळेच्या फॉर्मची होती, आता तिघं मिळून फॉर्म शोधतोय.