पाय ५ की एन१००: आधी आपल्या फायली बघा
हॉलमधल्या टीव्हीवर साठवलेले व्हिडिओ बघायला रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक घ्यावा की इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी, हा प्रश्न वीज किंवा किमतीपेक्षा व्हिडिओ डीकोडिंगवर, म्हणजे दाबून साठवलेली फाईल उलगडून दाखवण्यावर ठरतो. आपल्या फायली एचईव्हीसी, एच.२६४ की एव्ही१ यांपैकी कोणत्या पद्धतीने साठवल्या आहेत, ते आधी बघा. पाय ५ मध्ये हार्डवेअर डीकोडर (या कामासाठी चिपमधला खास भाग) फक्त एचईव्हीसीचा आहे. पाय ४ मधला एच.२६४ चा काढून टाकला. १०८०पीचं एच.२६४ प्रोसेसर आरामात ओढतो, पण ४के एव्ही१ आलं की दमतो. एन१०० (२०२३) हे तिन्ही प्रकार हार्डवेअरवर चालवतो, टीडीपी (चिपच्या उष्णतेचं ठरवलेलं माप) अवघा ६ वॉट.

तरी पायचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो: एचडीएमआय-सीईसी, म्हणजे रिमोटच्या आज्ञा टीव्हीच्या एचडीएमआय केबलमधूनच पोचवण्याची सोय. टीव्हीच्याच रिमोटने कोडी हे व्हिडिओ बघायचं अ‍ॅप चालतं. घरात आई-बाबा असतील तर त्यांच्या हाती कीबोर्ड देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मिनी पीसीत ही सोय सहसा नसते, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो.

विजेचं म्हणाल तर सरासरी १० वॉट धरून चोवीस तास चालू ठेवलं तरी महिन्याला ७.२ युनिट.

आणि शक्यतो बिनपंख्याचंच मॉडेल घ्या. रात्री शांत प्रसंग चालू असताना बारीक पंख्याची घरघर फार खुपते. फक्त ते बंद कपाटात कोंबू नका, हवा खेळती हवी.