लॅबियाप्लास्टी, व्हजायनोप्लास्टी, लेझर – यात फरक काय?

सक्करदऱ्याची_आई:
ताईंनो, लाज सोडून विचारून राहिली. वय ३४, दोन्ही डिलिव्हरी नॉर्मल, दुसऱ्या वेळी टाके पडले होते. आतली एक पाकळी दुसरीपेक्षा लांब आहे, रोज ॲक्टिवानं हिंगण्याला जाते तर मे महिन्यात घामानं घासून इतकी आग होते की घरी आल्याबरोबर चप्पल काढायच्या आधी मी बाथरूममध्ये. वरून शिंकलं की दोन थेंब लघवी पण होते. एका क्लिनिकमध्ये गेली तर नीट तपासलं पण नाही आणि पॅकेजचा कागद हातात दिला, तिन्ही एकदम! हे सगळं वेगवेगळं असतं का? मला नेमकं काय लागतं?

ओटीवाली_सिस्टर:
वेगवेगळंच असतं गं. लॅबियाप्लास्टी म्हणजे फक्त पाकळ्या, बहुतेक वेळा आतल्या, लहान करणं, त्यानं योनीत काहीच घट्ट होत नाही. कोणी कडेकडेनं कापतात, कोणी मधून व्ही आकाराचा तुकडा काढून जोडतात, दुसऱ्यात कड तशीच राहते पण टाका उसवायची भीती असते. व्हजायनोप्लास्टी म्हणजे आतली भिंत आणि सैल पडलेले स्नायू शिवणं, ते मोठं ऑपरेशन आहे आणि अजून मूल हवं असेल तर आता करूच नको. फक्त टाक्याची जागा नीट करायची असेल तर ती पेरिनिओप्लास्टी. आणि लेझर म्हणजे किरण मारून योनी घट्ट करतो म्हणतात ते, त्या जाहिरातींना भुलू नको, अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच इशारा दिला की यानं भाजणं, व्रण, कायमचं दुखणं होऊ शकतं.
तुझ्या शिंकेच्या लघवीला यातलं एकही लागत नाही! त्याला आधी व्यायाम. लघवी रोखतो तसं आवळायचं (पण लघवी करताना नाही), एका वेळी ८ दा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं का? तर अंग बाहेर येतंय का ते आधी तपासून घे, तो आजार आहे, कॉस्मेटिक नाही.

धंतोली_८८:
मी लॅबियाप्लास्टी केली, दोन वर्षं झाली. घासणं थांबलं हे खरं. पण पहिला आठवडा सूज एवढी की बसता येईना, उशी घेऊन एका कुशीवर पडून होती, ६ आठवडे संबंध नाही, गाडी नाही. काहींची तिथली जाणीव कमी होते हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, सहीच्या कागदावर वाचलं. करायचीच असेल तर उन्हाळ्यात नको, आपल्या नागपूरच्या ४५ डिग्रीत टाके ओले राहतात. आणि लहानमोठ्या पाकळ्या नॉर्मलच असतात बरं, दिसण्यासाठी करू नको, त्रासासाठी कर.

नवीन_मेंबर:
ताई, माझं लग्न डिसेंबरमध्ये आहे, त्या कौमार्याच्या पडद्याचं ऑपरेशन करून घ्यावं का? घरी कोणाला विचारता येत नाही.

ओटीवाली_सिस्टर:
नको गं बाई. कित्येकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही, आणि तपासून कोणालाच काही सांगता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये टू फिंगर टेस्टला (दोन बोटं घालून तपासणं) शास्त्रीय आधारच नाही म्हणून बजावलं. तुला कोणी धमकावून राहिलं असेल तर मला मेसेज कर, आजच कर.

सक्करदऱ्याची_आई:
सिस्टर, जड वाटतं, संध्याकाळी जास्तच. मला वाटलं कामानं. सोमवारी मेडिकल कॉलेजच्या गायनॅक ओपीडीला जाते, कागद फाडला.