संरक्षणमंत्री फौजीच असावा का?

भायखळेकर

सीमेवर काही घडलं की 'संरक्षण खातं फौजी माणसाच्या हातात द्या' हे वाक्य लोकलच्या डब्यापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतं. माझा याला ठाम विरोध आहे. लढायचं कसं हे सेनादलांना कळतं, ते त्यांच्यावरच सोडावं. मंत्र्याने करायचं ते वेगळंच. दलांनी मागितलेलं वेळेवर मिळवून द्यायचं, अर्थखात्याशी भांडायचं आणि निर्णय अंगावर आला तर संसदेत उभं राहून उत्तर द्यायचं. हे राजकारण्याचंच काम आहे.

मुंबईने तर याच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. नेहरूंचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईचे खासदार, १९५७ ला निवडून आले आणि १९६२ ला पुन्हा. बुद्धी अफाट, पण सेनाधिकाऱ्यांशी जमलं नाही. १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामाच पुढे केला होता, नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला. चीनचा तडाखा बसल्यावर मेनन गेले आणि बोलावणं आलं आपल्या मुख्यमंत्र्यांना, यशवंतराव चव्हाणांना. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, एवढं आपण सगळेच म्हणतो. धावून केलं काय, ते कोणी सांगत नाही. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग हवाई हल्ल्याची परवानगी मागायला आले, तेव्हा चव्हाणांनी तिथल्या तिथे होकार दिला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. चव्हाणांनी कधी गणवेश घातला नव्हता.

निवृत्त हवालदार, कांदिवली

भायखळेकर साहेब, विमानं उडाली खरी, पण त्यातली चार व्हँपायर परत आली नाहीत. ती विमानं तेव्हाच जुनी झाली होती. कुठली विमानं पाठवायची हे चव्हाणसाहेबांनी ठरवलं नाही, मान्य. पण असली विमानं १९६५ पर्यंत आघाडीवर राहिली, हे कोणाच्या फायलींमुळे?

जॉर्ज फर्नांडिस घ्या. मुंबईच्या कामगारांचा पुढारी, सियाचिनला पुन्हापुन्हा जाणारा मंत्री. जवान त्यांना मानायचे, मीही मानतो. तिथल्या जवानांसाठी स्नो स्कूटर हव्या होत्या आणि फाईल दिल्लीत अडकली होती. तेव्हा त्यांना संबंधित अधिकाऱ्यांनाच सियाचिनला पाठवावं लागलं. बर्फात पाय गोठतो म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या टेबलावर ती फाईल मुळात अडकलीच नसती. एवढंच म्हणणं आहे आमचं.

भायखळेकर

हवालदार साहेब, तुमच्या सेवेला नमस्कार. पण हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. फर्नांडिस फौजी नव्हते, तरी गेले आणि फाईल हलवली. माजी लष्करी अधिकारी असलेला मंत्रीही आपण पाहिलाय. २००१ मध्ये फर्नांडिसांनी राजीनामा दिल्यावर काही महिने जसवंतसिंगांकडे हे खातं होतं. खात्याची घडी तेवढ्याने बदलली नाही.

डॉकयार्ड रोड

दोघंही दिल्लीतल्या खुर्चीवर बोलताय. मी माझगावात राहतो, मला खात्याचं काम पाण्यावर दिसतं.

स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार २००५ चा. सहा पाणबुड्या, सगळ्या माझगाव डॉकमध्ये बांधायच्या. पहिली कलवरी नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये, शेवटची वाघशीर जानेवारी २०२५ मध्ये. उशीर झाला, ठीक, पाणबुडी बांधणं खेळ नाही. पण कलवरी दाखल झाली तेव्हा तिच्यासाठी ठरवलेले नवे टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून मारा करणारी तिची अस्त्रंच नव्हती. ते टॉर्पेडो इटालियन कंपनीकडून घ्यायचे होते. त्याच उद्योगसमूहाचं नाव व्हीआयपी हेलिकॉप्टरांच्या लाच प्रकरणात आलं आणि २०१६ मध्ये ती खरेदी रद्द झाली. भ्रष्टाचाराची शंका असेल तर रद्द करा, जरूर करा. पण दुसरी सोय कोणी बघायची? सहा टॉर्पेडो नळ्यांची नवीकोरी पाणबुडी आणि आत जुन्या पिढीचे टॉर्पेडो. हे नौदलाचं अपयश नाही, गोदीतल्या कामगारांचंही नाही.

आणि सिंधुरत्न पाणबुडी. २६ फेब्रुवारी २०१४, मुंबईच्या समुद्रात. तिसऱ्या कप्प्यात धूर भरला, बाकीची पाणबुडी वाचवायला तो कप्पा बंद करावा लागला आणि दोन अधिकारी आतच राहिले. आदल्याच ऑगस्टमध्ये सिंधुरक्षक इथल्या गोदीत स्फोटाने बुडाली होती, १८ जण गेले होते. सिंधुरत्नची बातमी आली त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल जोशींनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि तो लगेच मंजूरही झाला. पुढचे प्रमुख नेमले गेले १७ एप्रिलला. देशाला पन्नास दिवस पूर्णवेळ नौदलप्रमुख नव्हता! मंत्री मात्र जागेवरच होते.

भायखळेकर, निर्णय अंगावर घेणारा राजकारणी तुम्ही म्हणता. त्या दिवशी अंगावर कोणी घेतलं? गणवेशातल्या माणसाने.

भायखळेकर

मंत्र्यांनी तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता, हे मी तेव्हाही म्हणायचो. पण मंत्र्याला मतदार जाब विचारू शकतो. उद्या जनरलला मंत्री केलंत तर त्याच्यावर टीका म्हणजे सैन्यावर टीका ठरेल. मग तुम्ही हे सगळं त्याच्याबद्दल इतक्या मोकळेपणी लिहू शकाल? अमेरिकेत माजी अधिकाऱ्याला संरक्षणमंत्री करायचं तर निवृत्तीनंतर सात वर्षं जावी लागत, आता जनरल दर्जाच्या अधिकाऱ्याला दहा लागतात. मॅटिस आणि ऑस्टिन या माजी जनरलांना मंत्री करायला तिथल्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, खास सूट द्यावी लागली. तो नियम काही उगाच केलेला नाही.

परळची प्राध्यापक

माणूस कोण यावर एवढं भांडताय, पण खातं चालतं कसं यावर कोणी बोलतच नाहीये. सरकारी कामवाटपाच्या नियमांनुसार देशाच्या संरक्षणाचा विषय येतो संरक्षण विभागाकडे, म्हणजे संरक्षण सचिवांच्या हाताखाली. तिन्ही दलप्रमुख मंत्रालयाचा भाग नव्हते, बाहेरून प्रस्ताव पाठवणारे होते. कारगिलनंतर मंत्रिगटाने २००१ मध्येच संरक्षण दल प्रमुख, म्हणजे सीडीएस नेमा असं सुचवलं. जनरल रावत त्या पदावर आले १ जानेवारी २०२० ला. मधली जवळपास एकोणीस वर्षं भाजप आणि काँग्रेस दोघांचीही सरकारं होती, आणि जसवंतसिंगांचे काही महिने सोडले तर त्यांचे मंत्री नागरीच होते, भायखळेकर.

आता मंत्रालयातला लष्करी व्यवहार विभाग सीडीएसकडे आहे, म्हणजे गणवेश मंत्रालयात पोहोचला. हवालदार काकांना हवं होतं ते बरंचसं झालंय. तरी भांडवली खरेदीची, म्हणजे शस्त्रं-विमानं-जहाजांची, गरज मंजूर करते ती मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषदच. २०२५-२६ च्या संरक्षण बजेटच्या ६.८१ लाख कोटींत भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी आणि पेन्शनला १.६१ लाख कोटी. हा तोल सांभाळायला माजी संरक्षणमंत्री पर्रीकरांसारखा हिशेब कळणारा माणूस लागतो. ते पवईच्या आयआयटीतले इंजिनिअर होते.

निवृत्त हवालदार, कांदिवली

प्राध्यापक ताई, ती १.६१ लाख कोटींची पेन्शन ओझं म्हणून मोजू नका, एवढी विनंती. समान पद, समान पेन्शन पर्रीकरांच्याच काळात झालं, पण त्यासाठी ऐंशीच्या घरातली माणसं जंतरमंतरवर बसली होती. मंत्रालयात माजी सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. त्याच्या सचिवपदी तरी पलटणीतला माणूस बसवा. मंत्रिपद राहू द्या बाजूला. एवढ्याला तुमची कोणाची हरकत आहे का?

भायखळेकर

नाही. त्या खुर्चीपुरतं मी तुमच्याबरोबर आहे.

डॉकयार्ड रोड

मीही. पण टॉर्पेडोचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.