मदत हवी आहे: वायर आर्कने भिंत चढवताना वरच्या थरांत पिनहोल (बारीक छिद्रं)

अंबडकर:
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनचा बेअरिंग ब्रॅकेट तुटलाय. मूळ पार्ट कास्टिंगचा. पॅटर्न (साचा करायचा नमुना) कुठेच शिल्लक नाही आणि एका नगासाठी फाउंड्री हात लावायला तयार नाही. आमच्याकडे मिग वेल्डिंगचा (गॅसच्या आवरणात वायर वितळवत जाणारा) रोबो आहे, म्हणून ब्रॅकेट वायरनेच थरावर थर चढवून माइल्ड स्टीलमध्ये उभा करायचा आणि मग व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) फिनिश मारायचा, असं ठरवलंय. २०१७ मध्ये रॉटरडॅमला निकेल ॲल्युमिनियम ब्रॉंझच्या वायरने २९८ थरांचा जहाजाचा प्रोपेलर असाच बनवला होता, मग ब्रॅकेट का जमू नये? पण त्याआधी साधी सरळ भिंत निर्दोष यायला हवी आणि तिथेच अडलोय.

सेटिंग असं आहे. वायर ईआर७०एस-६ (माइल्ड स्टीलची), १.२ मिमी. गॅस ८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटू, फ्लो मिनिटाला १५ लिटर. वायर फीड मिनिटाला ५ मीटर, १८.५ व्होल्ट, टॉर्चचा वेग मिनिटाला ४० सेमी. टिप ते जॉब अंतर १५ मिमी. भिंत २०० मिमी लांब, एका बीडएवढी (टॉर्चच्या एका फेरीत पडणाऱ्या धातूच्या पट्टीएवढी) रुंद, खाली १२ मिमीची प्लेट. प्रत्येक थराला टॉर्च २.२ मिमी वर जाते आणि मध्ये ३० सेकंद थांबते. सगळे थर डावीकडून सुरू होतात.

खालचे थर बघत राहावेत इतके छान येतात. साधारण वीस थरांच्या वर आर्क फडफडायला लागतो, स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब) वाढतो आणि कापून बघितलं की पिनहोल. शिवाय उजवं टोक खाली उतरत जातं. गॅसचा सिलेंडर बदलला, वायरचा नवा स्पूल लावला, फरक नाही. या कामात मला मनापासून पुढे जायचंय. आपल्याकडे एका नगासाठी अडलेली अशी कितीतरी जुनी मशीन आहेत. कोणी केलं असेल तर कृपया सांगा.

सिन्नरचा वेल्डर:
दादा, खालचे थर चांगले आणि वरचे खराब, म्हणजे गॅस किंवा वायरपेक्षा उंचीचा हिशोब आधी तपासा. वर जाल तशी भिंत तापत जाते, कारण उष्णता प्लेटपर्यंत पोचायला वाट लांब होते. तापलेल्या भिंतीवर बीड पसरतो. रुंदी वाढते, उंची घटते. तुमचा रोबो मात्र ठरल्याप्रमाणे २.२ वरच चढतोय. दर थराला ०.३ मिमी कमी भरलं तरी वीस थरांत टॉर्च ६ मिमी लांब गेली. १५ चे २१ झाले की करंट पडतो आणि गॅसचं आवरणही नीट राहत नाही. त्यात अरुंद भिंतीच्या माथ्यावरून गॅस दोन्ही बाजूंना ओघळून जातो. फ्लो वाढवायचा मोह होईल, पण फार वाढवलात तर गॅस खळबळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. शॉपमधला पंखा आणि शटरकडून येणारा वारा आर्क चालू असताना बंद हवा.

पॅनेलवर थरागणिक करंट लिहून ठेवा. उतरत जात असेल तर कारण हेच.

अंबडकर:
लिहून बघितला. सुरुवातीला १६० च्या आसपास, वर १४० च्याही खाली! खूप आभार. मग थांबण्याचा वेळ किती वाढवू?

सिन्नरचा वेल्डर:
वेळ ठरवू नका, तापमान ठरवा. माथा १५० अंशांच्या खाली आला की पुढचा थर. वर गेल्यावर थांबणं आपोआप लांबेल, त्याला इलाज नाही. दुरून तापमान मोजणाऱ्या एकट्या इन्फ्रारेड गनवर विसंबू नका, चकचकीत धातूवर ती कमी दाखवते. तापमानाचा खडू किंवा थर्मोकपल लावून ताडून घ्या. दर पाच थरांनी खरी उंची मोजून प्रोग्राममध्ये दुरुस्ती करा.

उजव्या टोकाचं सोपं आहे. आर्क लागतो तिथे धातू गार असतो म्हणून उंचवटा येतो, सुटतो तिथे क्रेटर (खड्डा) बसतो. एक थर डावीकडून, पुढचा उजवीकडून चालवा आणि शेवटी क्रेटर फिल द्या. या वायरला वर काचेसारखे तपकिरी ठिपके येतात, ते मधूनमधून वायर ब्रशने काढत चला.

सातपूरकर:
एक भर घालतो. ब्रॅकेट भार घेणार आहे, म्हणून नुसत्या डीपी टेस्टवर (रंगीत द्रव झिरपवून तडे शोधायची चाचणी) देऊ नका. डीपी फक्त पृष्ठभागावर उघडलेले दोष दाखवते, आतली पिनहोल नाही. भिंत आधी दोन्ही बाजूंनी मशीन करा, अल्ट्रासॉनिक तपासणी (ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणं) करून घ्या आणि टेन्साइलचे (ओढून ताकद तपासायचे) तुकडे थरांच्या दिशेत वेगळे व उभ्या दिशेत वेगळे कापा. दोन थरांमध्ये कुठे नीट मिसळलं नसेल तर ते उभ्या तुकड्यातच कळतं. प्लेट मात्र थंड होईपर्यंत क्लॅम्पमधून सोडू नका, नाहीतर कडा उचलतात. शक्य असेल तर प्लेटच्या दोन्ही बाजूंना आलटूनपालटून थर चढवा. दोन्हीकडचा ताण एकमेकांना तोलतो आणि एका प्लेटमध्ये दोन भिंती मिळतात.

अंबडकर:
टेन्साइलच्या तुकड्यांसाठी भिंत जाड लागेल ना? दोन बीड शेजारी टाकायचे तर मधलं अंतर किती ठेवू?

सिन्नरचा वेल्डर:
बीडच्या रुंदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास सुरू करा. त्याहून लांब टाकलात तर मध्ये खाच राहते, जवळ टाकलात तर उंचवटा होतो. एकच थर टाकून कापा, घासा, बघा. मग भिंतीला हात घाला.